अडगळीतली सायकल : ओळख, वय आणि मोल

कणकवलीसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या सायकलींची खरेदी-विक्री करणारे दुकान म्हणजे बहुधा रस्त्याकडेचा एक लहानसा गाळा असतो. पंक्चर तपासण्यासाठी पाण्याने भरलेले घमेले, हवा भरण्याचा पंप, छताला टांगलेल्या रिमा आणि कोपऱ्यात सुट्या भागांचा ढीग, एवढाच त्याचा संसार. गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, घराची साफसफाई निघते, कधी वाटण्या होतात, कधी जुने घर पाडून नवे बांधायला घेतले जाते आणि मांगरात किंवा माळ्यावर कित्येक वर्षे पडून राहिलेली आजोबांची सायकल अशा दुकानाच्या दाराशी येऊन उभी राहते.

बहुतेक वेळा ती नेहमीचीच काळी, चोवीस इंची सायकल असते. क्वचित मात्र तिच्यात असे काही असते की, ती ओळखणारा माणूस समोर असता तर ती जपली गेली असती. एरवी तिच्यापुढे तीनच वाटा उरतात. ती भंगारात वजनावर जाते, किंवा तिचे सुटे भाग काढून इतर सायकलींना लावले जातात, किंवा हौसेने ओव्हरहॉलिंग होऊन तिच्यावर चकचकीत रंगाचा हात फिरतो. पहिल्या दोन वाटांनी सायकलच नाहीशी होते. तिसऱ्या वाटेने सायकल उरते, पण तिची ओळख पुसली जाते. हे नुकसान भरून न येणारे असल्याने जुनी सायकल ओळखावी कशी आणि ओळख पटेपर्यंत तिचे काय करावे, याची माहिती विकणाऱ्याला आणि दुकानदाराला असणे अगत्याचे आहे.

सायकलीचा थोडा इतिहास

जर्मनीतील कार्ल ड्राइस याने १८१७ मध्ये पायाने जमिनीला रेटा देऊन चालवायची दुचाकी तयार केली. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. १८७० च्या दशकात पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे अगदी लहान अशी उंच सायकल आली. आज आपण ज्या घडणीला सायकल म्हणतो ती, म्हणजे सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने गती, इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ या नावाने यशस्वी केली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर तयार केला आणि सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्याचा मार्ग मोकळा झाला.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. उंच चाकाची सायकल कोणी ‘शंभर-सव्वाशे वर्षांची’ म्हणून विकायला आणली, तर आधी शंका घ्यावी. हॉटेले आणि बंगले सजवण्यासाठी अशा सायकलींच्या नव्या प्रतिकृती बनवल्या जातात. नळ्यांचे आधुनिक वेल्डिंग, कारखान्यातले आजचे नट-बोल्ट आणि सर्वत्र सारखाच चढलेला गंज ही त्यांची लक्षणे होत. कोकणातल्या घरांतून मिळण्याची शक्यता खरी असते ती विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांतल्या सायकलींची. त्यांतच दुर्मीळ कोणती आणि सामान्य कोणती हे निवडायचे असते.

विलायती की देशी ?

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या चांगल्या सायकली मुख्यतः इंग्लंडहून येत. बर्मिंगहॅमची बीएसए, हर्क्युलस आणि फिलिप्स, नॉटिंगहॅमची रॅले, तसेच हंबर, रज-व्हिटवर्थ, सनबीम ही त्यांतली मातब्बर नावे. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांना संरक्षण मिळाले आणि चित्र बदलले. पश्चिम बंगालमध्ये आसनसोल येथे सेन-रॅले कंपनीचा कारखाना उभा राहिला. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्सने हर्क्युलस आणि पुढे फिलिप्स व बीएसए या नावांची सायकल देशात बनवली. ॲटलसने १९५१ मध्ये सोनीपत येथे आणि हीरोने १९५६ मध्ये लुधियाना येथे सुरुवात केली.

म्हणून केवळ ‘रॅले’ किंवा ‘बीएसए’ हे नाव वाचून सायकल विलायती ठरवणे ही सर्वांत मोठी चूक होय. पुढे घरोघरी आलेल्या बीएसए-एसएलआर आणि लेडीबर्ड या सायकली पूर्णपणे भारतीय होत्या. हँडलखालच्या उभ्या नळीवरील बिल्ल्यावर गावाचे आणि देशाचे नाव वाचावे. नॉटिंगहॅम किंवा बर्मिंगहॅम असेल तर सायकल विलायती, आसनसोल किंवा मद्रास असेल तर देशी. बिल्ला बदललेलाही असू शकतो, तेव्हा तो एकच पुरावा मानू नये.

देशी म्हणजे कमी मोलाची, असा याचा अर्थ नाही. मुंबईत वरळी येथे १९३९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या हिंद सायकल्सचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राच्या राजधानीत तयार झालेली ही सायकल एके काळी सर्वपरिचित होती. कंपनी डबघाईला आल्यावर १९८० मध्ये संसदेने हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करणारा कायदा केला. त्यातून निघालेले सरकारी उद्योगही पुढे बंद पडले. मुंबईच्या गिरण्यांवर ग्रंथ लिहिले गेले. या कारखान्याची आठवण मात्र त्याच्या सायकलींतच उरली आहे. मुंबईत नोकरी करून गावी सायकल आणणाऱ्या चाकरमान्यांच्या या जिल्ह्यात ‘हिंद’चा बिल्ला असलेली, मूळ रंगातली सायकल दिसली तर ती भंगारात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

कारखान्याच्या खुणा

रंग उडाला, बिल्ला हरवला तरी काही खुणा लोखंडातच कोरलेल्या असतात. त्यांत सर्वांत बोलकी खूण म्हणजे पायडलजवळचे मोठे दातेरी चक्र. इंग्लिश कारखाने या चक्राच्या मधल्या भागात आपली मुद्रा कापून काढीत. रॅलेच्या चक्रात बगळ्याच्या मुद्रा असतात. रज-व्हिटवर्थच्या चक्रात उघडा तळहात दिसतो. हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या गोलाकार उभ्या असतात. बीएसएच्या चक्रात त्या नावाची तीन इंग्रजी अक्षरे असतात. बीएसए हा मुळात १८६१ मध्ये बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी स्थापलेला कारखाना. म्हणून एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे त्याचे चिन्ह त्याच्या सायकलींवरही आले.

दुसरी खूण फोर्कची. हंबरच्या वरच्या दर्जाच्या सायकलींना पुढच्या चाकाच्या प्रत्येक बाजूस एकाऐवजी दोन नळ्या असत. अशी जोडनळी दिसली की सायकल नीट पाहावी. तिसरी खूण साखळीच्या आवरणाची. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांच्या सनबीम सायकलीत साखळी सर्व बाजूंनी बंद अशा पेटीत, तेलात फिरे. त्यामुळे धूळ-चिखलापासून ती सुरक्षित राही. अशी मूळ पेटी शाबूत असलेली सनबीम ही संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू आहे.

साखळीच नसलेली सायकलही एके काळी होती. पायडलची गती दांड्याच्या आणि तिरप्या दात्यांच्या साहाय्याने मागच्या चाकाला देण्याची रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका आणि युरोपातल्या कारखान्यांनी केली. साखळी हरवलेली सायकल आणि मुळातच साखळी नसलेली सायकल यांतला फरक दुकानात पहिल्या नजरेत ध्यानात येत नाही. मागच्या चाकाच्या आसाशी फ्रीव्हीलऐवजी दात्यांची बंद डबी दिसली तर काहीही उघडू नये.

वय कसे ठरवावे ?

फ्रेमवरचा क्रमांक सीटखालच्या जोडावर किंवा पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. तो खडूने किंवा पेन्सिलीने कागदावर उतरवून घ्यावा. सँडपेपरने घासून वाचण्याचा प्रयत्न करू नये, उथळ आकडे त्यातच नाहीसे होतात.

मागच्या चाकात तीन गिअरचा हब असेल तर काम पुष्कळ सोपे होते. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या अशा हबवर कित्येक वर्षे निर्मितीचे साल आणि महिना यांचे आकडे ठोकले जात. ५२ आणि त्यापुढे ४ असे आकडे असतील तर हब एप्रिल १९५२ चा समजावा. अर्थात त्यावरून चाकाचे वय कळते. चाक बदललेले असेल तर फ्रेमचे वय वेगळे असू शकते.

चकाकी हाही एक साक्षीदार आहे. १९३० च्या सुमारापर्यंत हँडल, रिम आणि चक्र यांवर निकेलचा मुलामा चढवीत. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार दिसते. त्यानंतर क्रोमियम आले. त्याची चकाकी निळसर आणि आरशासारखी असते. मडगार्डखाली, हँडलच्या मुठीखाली, सीटच्या नळीच्या आत जो भाग ऊन-पावसापासून झाकलेला राहिला तिथे मूळ मुलामा आणि मूळ रंग पाहायला मिळतो.

टायर, ट्यूब, साखळी, ब्रेकचे रबर, पायडलचे रबर हे झिजणारे आणि बदलले जाणारे भाग आहेत. त्यांवरून वय ठरवू नये. कातडी सीट मात्र पाहावी. १८६६ पासून चालत आलेल्या ब्रुक्स कंपनीचे नाव सीटच्या कडेला दाबून उमटवलेले असते. कार्बाइडचा दिवा असेल तर तो सायकलीपासून वेगळा विकू नये. कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडून निघणाऱ्या वायूवर जळणारे हे दिवे बॅटरी आणि डायनामो सर्रास होण्यापूर्वीच्या काळाची साक्ष देतात.

कागदपत्रांचे मोल तर त्याहून अधिक. अनेक नगरपालिका पूर्वी सायकलीवर वार्षिक कर घेत आणि त्याचा क्रमांक व साल असलेला धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. असा बिल्ला, खरेदीची पावती, मागच्या मडगार्डवरील विक्रेत्याचे नाव किंवा सायकल हाती धरून काढलेले कुटुंबातले छायाचित्र मिळाले तर ते सायकलीबरोबरच ठेवावे. सायकल कोणी, कुठे आणि कोणत्या कामासाठी घेतली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. टपाल वाटण्यासाठी, शाळेवर जाण्यासाठी की रोगी पाहण्यासाठी ती वापरली गेली, ही माहिती लोखंडावर लिहिलेली नसते आणि सांगणारे माणूस गेल्यावर ती पुन्हा मिळत नाही.

घडीची सैनिकी सायकल

दुर्मीळ सायकल समोर असूनही ती ओळखता न येण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे बीएसएची दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची सायकल. १९४२ ते १९४५ या काळात बीएसएने अशा साठ हजारांहून अधिक सायकली बनवल्या. सैनिकाने विमानातून उडी घेताना बरोबर नेता यावी म्हणून ती मधोमध दुमडण्याची सोय होती. खाली उतरताना हँडल आणि सीट आधी जमिनीला लागावीत अशा रीतीने ती बांधली जाई, कारण चाक वाकले तर सायकलच निरुपयोगी झाली असती. प्रत्यक्षात तिचा वापर उड्यांपेक्षा अन्यत्रच अधिक झाला. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश आणि कॅनडियन पायदळाच्या काही तुकड्यांनी या सायकली बोटींतून खांद्यावर वाहून आणल्या होत्या.

तिची रचना नेहमीच्या सायकलीहून अगदी निराळी आहे. आडव्या दांड्याऐवजी आणि खालच्या तिरप्या नळीऐवजी दोन-दोन बारीक नळ्या जोडीने, कमानीसारख्या वळवून मागच्या चाकापर्यंत नेलेल्या असतात. बाजूने पाहिले तर फ्रेमचा आकार लंबगोल दिसतो. मध्यभागी वर एक आणि खाली एक अशी दोन बिजागरे असतात आणि ती हाताने फिरवण्याच्या पंखांच्या नटांनी आवळलेली असतात. पायडल नेहमीसारखे रुंद नसून नुसत्या दांड्यांचे असते आणि दुमडताना तो दांडा आत सरकवता येतो. साखळीला आवरण नसते.

युद्धानंतर उरलेल्या सायकली विकल्या गेल्या, वापरल्या गेल्या आणि त्यांवर साधे पायडल, साधी सीट, कॅरिअर आणि काळा रंग चढत गेला. पंखांचे नट हरवले की कारागीर तिथे साधे नट घालतो, क्वचित बिजागर कायमचे वेल्डिंग करून टाकतो. अशा स्थितीत ती एखाद्या दुकानात आली तर ‘कोणी तरी जोडलेली वाकडी सायकल’ एवढाच समज होण्याचा संभव असतो. म्हणून जोडनळ्या आणि बिजागरांच्या खुणा ओळखता येणे महत्त्वाचे. पुण्यात कर्वेनगर येथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘विक्रम पेंडसे सायकल्स’ या खासगी संग्रहालयात ही सायकल पाहायला मिळते. दीडशेहून अधिक सायकली, दुरुस्तीची जुनी अवजारे आणि सुटे भाग तिथे तीन मजल्यांवर मांडलेले आहेत. महाराष्ट्रात सायकलीचा इतिहास प्रत्यक्ष हाताच्या अंतरावर पाहण्याची ही मोठी सोय आहे.

दुकानात आल्यावर काय करावे ?

पहिला नियम असा की काहीही करू नये. सायकल जशी आली तशी, धुळीसकट, दोन्ही बाजूंनी, पुढून, मागून आणि वरून छायाचित्रे काढावीत. बिल्ला, चक्र, हब, सीट, क्रमांक यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतरच हात लावावा.

कोकणातल्या हवेचा विचार इथे वेगळा करावा लागतो. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, उरलेले आठ महिने दमट हवा आणि किनाऱ्याकडच्या गावांत खारा वारा यांमुळे गंज बाहेरून जेवढा दिसतो त्याहून आत अधिक असतो. मडगार्डच्या आत चिकटलेली जांभ्याची लाल माती ओल धरून ठेवते. ती सुकल्यावर लाकडी काडीने आणि मऊ ब्रशाने काढावी. पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नये, पाणी नळ्यांत आणि बेअरिंगमध्ये साचते. गंजावर पातळ तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग सुती फडक्याने पुसावे. खाली मूळ रंग आणि सोनेरी रेषा असतील तर अशाने त्या वाचतात. सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग यांनी त्या कायमच्या जातात.

भाग सोडवताना बळ वापरू नये. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. इंग्लिश सायकलीत पायडलच्या आसाची उजवीकडची वाटीही उलट्या आट्यांची असते. रॅलेच्या आट्या तर इतर कारखान्यांहून बारीक असत. त्यामुळे बाजारातली वाटी तिथे बसत नाही आणि ठोकून बसवली तर फ्रेमच निकामी होते. कॉटर पिनवर हातोडा मारण्यापूर्वी क्रँकखाली भक्कम लोखंडी टेकू द्यावा, नाही तर धक्का थेट बेअरिंगवर बसतो. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, पिशवीत घालून नाव लिहून ठेवावा. मोडक्या मूळ नटावरून नवा नट लेथवर करून घेता येतो, पण नमुनाच टाकून दिला तर काही उरत नाही.

व्यवहार आणि मोल

अशा सायकलीला ठरलेला बाजारभाव नसतो. मूळ भाग किती शाबूत आहेत, मूळ रंग आहे की नाही, कागद आणि माहिती किती आहे आणि नमुना किती दुर्मीळ आहे, या चार गोष्टींवर मोल ठरते. रंगवलेल्या सायकलीपेक्षा गंजलेली पण अखंड सायकल जाणकाराला अधिक प्रिय असते, हे विकणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये १९५५ पासून जुन्या सायकलींसाठी व्हेटरन-सायकल क्लब कार्यरत आहे आणि निरनिराळ्या कारखान्यांचे जाणकार त्यात आहेत. छायाचित्रे आणि क्रमांक पाठवून अशा संस्थांकडून किंवा आपल्याकडील संग्राहकांकडून ओळख पटवून घेता येते.

इथे दुकानदाराच्या सचोटीचा प्रश्न येतो. दाराशी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या सायकलीचे मोल ठाऊक नसेल आणि दुकानदाराला असेल, तर वजनाच्या भावाने ती घेणे कायद्याने कदाचित चुकीचे ठरणार नाही, पण गावात चालणारा धंदा विश्वासावरच उभा असतो. ओळख पटेपर्यंत सायकल ठेवून घ्यावी, तशी लेखी पोच द्यावी आणि नंतर भाव ठरवावा, हा मार्ग दोघांच्याही हिताचा आहे. विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही घेणे चोरीच्या मालापासून बचाव म्हणून आवश्यक आहेच, शिवाय पुढे हीच नोंद सायकलीच्या इतिहासाचा भाग बनते.

आणखी एक बाब ध्यानात असावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची आणि किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरी ओलांडलेली सायकल परदेशी ग्राहकाला विकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करणे शहाणपणाचे ठरेल.

सिंधुदुर्गात घरे बदलत आहेत, माळे रिकामे होत आहेत आणि सायकलीवरून शाळा, टपाल आणि बाजार केलेली पिढी हळूहळू सरत आहे. त्या पिढीच्या वस्तू संग्रहालयात जाण्याआधी एखाद्या लहान दुकानाच्या दारात काही काळ उभ्या असतात. तिथे त्या ओळखणारा कोणी भेटला, तरच त्या पुढे जातात. यंदाच्या गणपतीत माळा झाडताना जुनी सायकल हाती लागली, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिचा बिल्ला, तिचे चक्र आणि तिचा क्रमांक पाहून घ्यावा आणि ती कोणी चालवली हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारावे.